गोळी संपायच्या आधी

नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्गाबरोबर आमचा सातारा होता. मी तेव्हा तिथल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स होते. बीपी मोजायचं काम आधीही होतंच; नवीन आलं ते प्रत्येक रुग्णाचं कार्ड. त्यावर त्याचं बीपी, चालू गोळी आणि पुढची तारीख. तारखेला माणूस आला नाही, की कार्ड बाजूला निघायचं आणि आशाताईंबरोबर घरी निरोप जायचा. त्या सगळ्या उपक्रमात मला हे कार्डच सर्वांत मोलाचं वाटतं. कारण या आजारात रुग्ण आपणहून परत येत नाही. त्याला काही दुखतच नसतं.

मोजण्याच्या बाबतीत मी हट्टी होते आणि आजही आहे. वाडीवरून डोंगर उतरून आलेला माणूस धापा टाकत हात पुढं करायचा, "बघा बाई पटदिशी, एस्टी चुकंल." मी आधी तोंडातली तंबाखू थुंकून यायला लावायची. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, मग पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. दंड उघडा, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. नुसत्या बोलण्यानं वरचा आकडा दहानं चढू शकतो, आणि १४०/९० च्या रेषेवरच्या माणसाला त्या दहामुळं कायमची गोळी लागू शकते. म्हणून एकदा मोजून मी कधी भागवलं नाही. गर्दीच्या ओपीडीत हे होत नाही असं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. रांग लावतानाच लोकांना बसवून घेतलं की होतं.

खरी लढाई गोळी चालू झाल्यावर असते. सुरुवात बहुतेकदा अ‍ॅम्लोडिपीन पाच मिलिग्रॅमनं. महिन्याभराच्या गोळ्या फुकट मिळतात, तरी लोक सोडतात. "आता बरं वाटतंय", "सवय लागंल", "शेजारणीनं सांगितलं किडनी जाती". काहींच्या पायाला या गोळीनं सूज येते. ते न सांगता बंद करतात आणि तारखेला तोंड चुकवतात. सूज आली तर डॉक्टर डोस बदलतात किंवा दुसरी गोळी देतात, एवढं आधीच सांगून ठेवलं की माणूस टिकतो. मी ते पहिल्याच दिवशी सांगायला लागले. मिसरी लावणाऱ्या मावश्यांना तंबाखूचं विचारलं तर "छे, आमी न्हाई खात" म्हणायच्या, म्हणून मी थेट मिसरीचंच विचारायची. मिठाचंही तसंच. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर. पण "मीठ कमी करा" म्हटलं की बायका भाजीत चिमूटभर कमी घालायच्या. भाकरीबरोबरचं लोणचं, खर्डा, पापड हिशेबातच नसायचं.

गोळी का सोडायची नाही, हे एका आबांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. नदीवरून उसाला पाणी उचलणारा माणूस. म्हणाले, "म्हंजे पायपात प्रेशर जादा झालं तर पाणी येतंय झकास, कळत न्हाई कुनाला. एक दिस जॉइंट निघतो." त्यानंतर शेतकऱ्यांना मी त्यांचंच उदाहरण देत आले.

पुढं मी सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या बाजूला एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आले, आणि साताऱ्यातल्या त्या कार्डांची किंमत मला तिथं कळली. आटपाडी-खानापूर भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, परराज्यांत असतात. जत्रेला गावी येतात. अशाच एका अण्णांना पहाटे आणलं. पन्नाशीच्या आतबाहेरचे. मध्यरात्रीपासून छातीत दाटल्यासारखं, दरदरून घाम, डावा हात जड. घरी पित्त समजून सोडा पाजला होता. आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे, हा आमचा दंडक. तो निघाला आणि मोठा झटका दिसला. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली. कॅथलॅब सांगली-मिरजेला, तिथं पोचून शीर उघडेपर्यंत दोन तासांच्या वर जाणार, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथंच द्यायचं ठरलं.

बीपी २०८/११६.

वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या पुढं असताना ते इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. औषध हातात, रुग्ण समोर, आणि देता येत नाही. नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप लावलं. मी दर पाच मिनिटांनी बीपी घेत, डॉक्टरांना आकडा सांगत, थेंब वाढवत होते. फार झपाट्यानं उतरलं तरी हृदयाचा रक्तपुरवठा घटतो. बाहेर त्यांच्या पत्नी सांगत होत्या, "गोळ्या तिकडंच राहिल्या. आठ दिवसांनी काय होतंय म्हटलं." आकडा उतरेपर्यंत गेलेलं प्रत्येक मिनिट हृदयाच्या स्नायूतून वजा होत होतं. शेवटी इंजेक्शन गेलं. मग मॉनिटरवर नजर, हिरड्यांतून किंवा सुईच्या जागेतून रक्त येतंय का, बोलणं अडखळतंय का, हे पाहत बसायचं. कळ ओसरली, ईसीजीतली चढलेली रेघ खाली आली, आणि त्यांना अँजिओग्राफीसाठी पुढं पाठवलं. अण्णा वाचले. पण हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर राहिलं.

पुढं ते स्टेंट बसवून तपासणीला आले तेव्हा मी त्यांना पिशवीतल्या सगळ्या गोळ्या काढून दाखवायला सांगितल्या. स्टेंट बसलेल्यानं रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता एक दिवसही चुकवायच्या नाहीत. चुकवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. हे मी त्यांच्या पत्नीला समोर बसवून सांगितलं, आणि त्यांच्याकडून परत वदवून घेतलं. घरी सांभाळणार त्या होत्या.

वाचकांना माझी विनंती आहे. घरात तिशीपुढचं कुणी असेल तर जवळच्या उपकेंद्रात बीपी तपासून घ्या. गोळी चालू असेल तर ती संपायच्या आठ दिवस आधी पुढची आणा, आणि गावाला जाताना, ऊसतोडीला जाताना, जत्रेला येताना ती कपड्यांच्या आधी पिशवीत टाका. छातीत दाटलं, घाम सुटला, विशेषतः बाईमाणसाला किंवा साखरेच्या रुग्णाला कळ न येता नुसता दम लागला किंवा मळमळलं, तर सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी निघेल अशा ठिकाणी पोचा.