महाल नव्हे, मकबरा

ईदनंतरच्या रविवारी आम्ही सगळे श्रीरामपूरहून राहुरीमार्गे नगरला गेलो. मुलांना चांदबिबीचा महाल पाहायचा होता. डोंगरावर पोहोचताच मोबाइल बाहेर निघाले. कमानीत उभे राहून, हसत-खिदळत आम्ही भराभर फोटो काढले.

तळघरात डोकावून आलेल्या धाकटीने विचारले, "दादी, महालात कबर कशी?"

आम्ही परत जाऊन बाहेरचा फलक वाचला. ही तीन मजली अष्टकोनी वास्तू निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याचा मकबरा आहे. १५८३ साली नगरची फराहबाग पुरी करणारा हाच. १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीचे नाव लोकांनी प्रेमाने या जागेला दिले. खानाचे नाव मात्र मागे पडले.

आपला इतिहास कोणी सांगत नाही, अशी तक्रार आम्ही नेहमी करतो. आम्हाला तरी तो कुठे ठाऊक होता?

दादींनी डोक्यावर पदर घेऊन सलाम केला. आम्ही फातिहा पढलो. हसरे फोटो मुलांनी आपणहून पुसले. रिकाम्या कमानीचा एकच ठेवला. नातेवाइकांना तो पाठवताना धाकटीने खाली लिहिले : सलाबतखानाचा मकबरा.