वहींतील चाळीस पानें

आमच्या घरीं जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्या शेवटच्या चाळीस पानांत ढेकूण, झुरळें, वाळवी व धान्यांतील कीड यांवरील उपाय तीन पिढ्यांच्या अक्षरांत लिहिलेले आहेत. चार वर्षांपूर्वीं तिच्या प्रती करून आप्तांस देण्याचें काम आम्हांकडे आलें. आम्हीं तें हौसेनें केलें. मात्र एकहि उपाय पारखून पाहिला नाहीं. थोरांनीं लिहिलेल्यास कोण विचारणार!

'तान्ह्याच्या दुपट्यांत डांबराच्या गोळ्या घालाव्या,' ही ओळ तर आमचीच भर. पुतणीनें ती तंतोतंत पाळली. तिचा मुलगा आठवड्याच्या आंत पिवळा पडला, रक्त झपाट्यानें उतरूं लागलें. डॉक्टरांनीं कपडे कशांत ठेवले होते, हें विचारलें. कांहीं अर्भकांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, रक्तांत तांबड्या पेशींस जपणारें एक द्रव्य जन्मतःच कमी असतें. त्यांस नॅप्थलीनची वाफ सोसत नाहीं व पेशी फुटतात. रक्त द्यावें लागलें, मूल वांचलें. पुतणीनें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, आणि तेंच अधिक लागलें.

वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भाऊजी, आतां प्रत्येक ओळीला विचारा : कां, किती, आणि घरांत लहान कोण?"

तसें विचारूं लागलों. मूग-मटकीस एरंडेल चोळण्याची ओळ टिकली. भुंगेऱ्याची मादी अंडीं दाण्याच्या वरच घालते, तीं तेलानें गुदमरतात. तांदळांतला सोंडकिडा मात्र दाण्यास भोंक पाडून आंत अंडें घालतो व वरून लिंपून टाकतो. तेथें तेलापेक्षां कोरडा, घट्ट झांकणाचा डबाच बरा. तांदळास 'थोडी' बोरिक पावडर लावावी, असें एके ठिकाणीं होतें. थोडी म्हणजे किती, हें कोणासच सांगतां येईना. ती ओळ खोडली.

कोठींतील गॅसच्या गोळ्यांवरून मात्र रणकंदन झालें. हवेंतील ओल लागतांच त्यांतून फॉस्फीन वायु निघतो. त्या विषास उतारा नाहीं. आत्याबाई म्हणाल्या, "तीस वर्षें ठेवल्या, कोणाला कांहीं झालें?" हाच पुरावा आम्हींहि एकदां पुरेसा मानला होता, हें त्यांस सांगावयास आम्हांस दोन दिवस लागले.

चाळीसांपैकीं अकरा पानें उरलीं. वाटलेल्या प्रती परत मागविल्या आहेत. दोन अद्याप आलेल्या नाहींत.