एक्टनचे लोहार आणि शेवाळाखालची अक्षरे

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना पहिल्या काही पानांतील कुळकथा बहुधा 'पार्श्वभूमी' म्हणून चटकन उरकली जाते. खरी कथा नायकाच्या जन्मापासून, असा जणू अलिखित संकेतच आहे. बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र अलीकडे पुन्हा वाचताना आम्ही मात्र नेमके त्या पानांपाशी थांबलो. मुद्रक, विजेचा अभ्यासक, मुत्सद्दी अशी ख्याती मिळवलेला हा गृहस्थ १७७१ साली, वयाच्या ६५व्या वर्षी, मुलाला उद्देशून लिहावयास बसतो आणि आरंभ करतो तो इंग्लंडमधील एका खेड्यातल्या लोहारांपासून.

नॉर्दॅम्पटनशर परगण्यातील एक्टन हे ते खेडे. फ्रँकलिन घराणे तेथे किमान ३०० वर्षे नांदत होते. सुमारे ३० एकरांची स्वतःच्या मालकीची जमीन आणि जोडीला लोहारकी, अशी त्यांची उपजीविका. थोरल्या मुलाने ऐरणीपाशी उभे राहावयाचे, ही घराण्याची रीत. १७५८ साली फ्रँकलिन आपला मुलगा विल्यम याच्यासह या खेड्यात गेला आणि तेथील चर्चची दप्तरे त्याने चाळली. त्या दप्तरातील नोंदी १५५५पासूनच्या होत्या. जन्म, विवाह, दफन: प्रत्येक माणसाच्या वाट्याला फार तर तीन ओळी.

लोहाराच्या आयुष्याचा माग काढणे एरवीही अवघडच. त्याने घडवलेला फाळ झिजतो, नाल तुटतो, बिजागरी गंजते आणि ते लोखंड पुन्हा कुठल्यातरी भट्टीत जाऊन दुसऱ्याच वस्तूचा आकार घेते. कवीची ओळ त्याच्या नावाने उरते. लोहाराचे काम उरलेच तर बिननावाचे उरते. म्हणून अशा पूर्वजाचा शोध त्याच्या कामातून नव्हे, तर इतरांनी त्याच्याविषयी केलेल्या त्रोटक नोंदींतूनच घ्यावा लागतो.

त्या नोंदींतून फ्रँकलिनला एक गोष्ट उमगली. तो पाच पिढ्या सलग धाकट्याचा धाकटा होता. या एका तपशिलात आम्हांला संपूर्ण स्थलांतराची कथा दडलेली दिसते. लोहारशाळा थोरल्याकडे जाणार. मग धाकट्यांनी दुसरा धंदा शिकावयाचा. त्याप्रमाणे वडील जोसाया हे रंगारी झाले. प्रस्थापित चर्चच्या चौकटीबाहेरच्या उपासनेवर कायद्याची बंदी होती, म्हणून १६८३च्या सुमारास पत्नी व ३ मुलांसह त्यांनी न्यू इंग्लंड गाठले. बॉस्टनमध्ये रंगाऱ्याच्या धंद्यावर पोट भरेना, तेव्हा ते चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करू लागले. ऐरण एक्टनमध्येच राहिली. वसाहतीत पोहोचली ती हातांनी काम करण्याची सवय आणि त्या कामाची लाज न वाटण्याची वृत्ती. १७८८च्या मृत्युपत्रात, सर्व मानसन्मान पदरी पडल्यावरही, फ्रँकलिन आपली ओळख सर्वप्रथम 'मुद्रक' अशी देतो, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

थॉमस या थोरल्या चुलत्याची हकीकत तर एखाद्या कथेत शोभावी अशी. लोहारकी शिकलेला हा माणूस गावातील एका सधन गृहस्थाच्या उत्तेजनाने लेखन-वाचनाकडे वळला, दस्तलेखक झाला आणि पंचक्रोशीतील सार्वजनिक कामांचा आधार बनला. जुन्या पंचांगाप्रमाणे ६ जानेवारी १७०२ रोजी तो वारला. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, बेंजामिनचा जन्म झाला. दोघांच्या स्वभावातील साम्य पाहून विल्यम थक्क झाला. मृत्यू आणि जन्म एकाच दिवशी घडते तर पुनर्जन्मच मानावा लागला असता, अशा अर्थाचे तो बोलल्याचे आत्मचरित्रात नमूद आहे. पूर्वजांचा शोध घेणारा माणूस अखेरीस स्वतःचाच चेहरा शोधत असतो, हे येथे सहज प्रकट होते.

एवढ्यावर हे टिपण संपले असते. परंतु याच भेटीविषयी फ्रँकलिनने ६ सप्टेंबर १७५८ रोजी पत्नीला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे आणि ते वाचल्यावर आत्मचरित्रातील ती पाने आम्हांला पूर्वीसारखी वाचता येईनात. दप्तर दाखवून झाल्यावर तेथील धर्मोपदेशकाची पत्नी पाहुण्यांना दफनभूमीत घेऊन गेली. फ्रँकलिन घराण्याच्या थडग्यांवरील शिळा शेवाळाने इतक्या माखल्या होत्या की अक्षरे लागेनात. बाईंनी ताठ केसांचा ब्रश आणि पाण्याचे पात्र मागवले. पीटरने शिळा घासून स्वच्छ केल्या. मग विल्यमने अक्षरे उतरवून घेतली.

हा पीटर फ्रँकलिनच्या मालकीचा गुलाम होता, अमेरिकेहून सोबत आणलेला.

पत्रात आलेला हा प्रसंग आत्मचरित्रात नाही. तेथे दप्तर आहे, पिढ्यांचा हिशेब आहे; शेवाळ नाही, पाणी नाही, पीटरही नाही. आत्मचरित्रकार खोटे बोलतो असे आम्हांला म्हणावयाचे नाही. पत्र हे दिवसाचा चिखल पायाला घेऊन येते, आत्मचरित्र उंबऱ्यावर पाय धुऊन आत शिरते, एवढेच. पण त्या धुण्यात काय वाहून जाते, हे पाहणे वाचकाचे काम आहे. १७५७च्या मृत्युपत्रात फ्रँकलिनने आपल्या पश्चात पीटर व त्याची पत्नी यांना मुक्त करावे असे लिहून ठेवले होते. पुढे १७८७मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९०मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी अमेरिकी काँग्रेसकडे गेलेल्या अर्जावर त्याची सही होती. हा प्रवास मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र १७५८च्या त्या दिवशी एक माणूस आपले पूर्वज वाचत होता आणि ते वाचता यावेत म्हणून दुसरा दगड घासत होता. त्या दुसऱ्याचा उल्लेख पत्रात केवळ एका नावाने आहे. त्याला आडनाव दिलेले नाही.

लोहाराच्या वाट्याला दप्तरात तीन ओळी तरी आल्या. आपल्याकडील कुलवृत्तांतांचे जाडजूड खंड चाळतानाही आता आम्हांला प्रथम आठवते ते हेच. वंशवृक्षात कोण आहे हे पाहून झाल्यावर, ती अक्षरे उजळण्यासाठी ओणवे झालेले कोण होते, हेही विचारले पाहिजे. वर्गात आत्मचरित्र शिकवताना कुळकथेची पाने आम्ही आता सावकाश वाचतो. पीटरचे पत्र नाही, पण पत्रातला पीटर आहे. तेवढ्या आधारावरही विद्यार्थी पुष्कळ बोलतात.