जबलपूरहून पायी सातपुड्यात
जबलपूरला आलेले पर्यटक बहुधा भेडाघाट पाहून परततात. पण पायांत बळ असेल तर पुढे सातपुडा आहे. इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने पिपरिया गाठावे, तेथून मोटारीने पचमढी. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर, १,३५० मीटर उंचीचे धूपगड, इथेच आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या सातपुडा राष्ट्रीय उद्यानात वाघ, अस्वल, रानगवे असूनही ठरावीक वाटांवर वाटाड्यासह पायी हिंडता येते. पावसाळ्यात जंगलाचा गाभा बंद असतो. म्हणून हिवाळ्याचा बेत आखून वनखात्याची परवानगी आधीच काढावी. मातकट कपडे, सवयीचे बूट, पाणी बरोबर घ्यावे. अत्तर घरीच ठेवावे. आणि वाटाड्याने ओठांवर बोट ठेवताच मुलांबरोबर वडीलधाऱ्यांनीही जागच्या जागी थांबावे. अस्वल मानपान पाहत नाही!