भिरुडाचे नाव

वर्धा शहराला लागूनच बोरगाव मेघे हे गाव आहे. महाराष्ट्रात बोरगावे पुष्कळ. पाकिटावर नुसते 'बोरगाव' एवढेच लिहिले, तर टपालवाल्याने ते पत्र न्यावे तरी कोठे? याच जिल्ह्यात सिंदी नावाचीही दोन गावे आहेत. एक सिंदी मेघे, दुसरे सिंदी रेल्वे. पहिला शब्द दोघांचा एकच. दुसऱ्या शब्दामुळे मात्र त्यांची गल्लत होत नाही. हे मर्म ज्याच्या ध्यानात आले, त्याला प्राणिशास्त्रज्ञ किड्यांना दोन-दोन शब्दांची नावे का देतात, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पावसाळ्याच्या आरंभी बोरगाव मेघे येथील एखाद्या घरी ओसरीवर दिवा लागलेला असावा आणि अंधारातून काहीतरी जड घोंगावत येऊन भिंतीवर आदळावे. मुले दचकून उठतात. आजी जागेवरूनच म्हणते, "भुंगा व्हय तो बापा, फेकून दे बाहेर!" आजीचे म्हणणे खोटे नाही, पण ते 'बोरगाव' एवढ्यावरच थांबलेले असते. कोणता भुंगा, हा प्रश्न उरतोच. आणि ज्यांच्या परसात आंब्याचे झाड आहे, त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

दिव्यावर गेंड्या भुंगाही येतो. त्याच्या डोक्यावर एक शिंग असते आणि ते खरोखरच कवचाचे, न हलणारे शिंग असते. त्याची अळी शेणखतात वाढते. आपल्या पाहुण्याची 'शिंगे' तशी नाहीत. ती दोन असून लांबलचक, पेरापेरांची आणि हलणारी आहेत. त्यांना शास्त्रात शृंगिका म्हणतात. शृंगिका म्हणजे लहानसे शिंग. पण नराच्या शृंगिका तर त्याच्या सबंध देहाहूनही लांब असतात. तेव्हा हे नाव फारसे नेमके नाही, असेच म्हणावे लागेल. वाट चाचपणे, वास घेणे ही कामे हा किडा त्यांच्याकडूनच करून घेतो.

आता त्याला हलक्या हाताने धरून नीट पाहावे. धरताच तो कुरकुर असा आवाज काढतो. तो तोंडाने ओरडत नसतो. वक्षाचे दोन भाग एकमेकांवर घासून तो ध्वनी निर्माण करतो. पाय सहा, म्हणजे हा कीटक. पुढचे पंख ढालीसारखे कठीण आणि त्यांखाली उडण्याचे पातळ पंख घडी घालून ठेवलेले, म्हणजे हा ढालपंखी गणातला. पुढची खूण डोळ्यांत आहे. याचा डोळा वाटोळा नसतो; तो एका बाजूने आत वळलेला असतो आणि शृंगिकेच्या बुडाला त्याने जणू विळखा घातलेला असतो. लांब शृंगिका आणि असा खाच पडलेला डोळा या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, की तो बहुधा सेरांबिसिडी कुलातला समजावा. पण हे कुल लहानसहान नव्हे! जगात त्याच्या ३५,०००हून अधिक जाती ज्ञात आहेत. म्हणून पुन्हा भिंग हाती घ्यावे. चेहरा पुढे आलेला नसून सरळ खाली उतरलेला आहे. डोक्यामागच्या भागावर दोन्ही बाजूंस एकेक काटा आहे आणि मध्ये नारिंगी-तांबडे, कोयरीसारखे बाकदार असे दोन ठिपके आहेत. त्यामागे पंखांच्या मुळाशी एक छोटे पांढरे त्रिकोणी टिकले आहे. पंख करडे, मुळाशी काळे बारीक दाणे, पुढे पिवळसर ठिपके. देहाच्या दोन्ही कडांनी एकेक पांढरा पट्टा गेलेला असून लांबी सुमारे ५ सेंटिमीटर आहे. या साऱ्या खुणा जुळल्या, म्हणजे मराठीत ज्याला आंब्यावरचा भिरूड म्हणतात तोच हा.

शास्त्रातील त्याचे नाव बाटोसेरा रूफोमॅक्युलाटा. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. रूफोमॅक्युलाटा म्हणजे तांबड्या ठिपक्यांचा. अशी द्विपदी नावे प्राण्यांना सर्वत्र देण्याची रीत स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ साली रूढ केली. गावांच्या नावांशी तिचे साम्य आहे, परंतु एक भेदही आहे. दोन सिंद्यांचे आपसांत काही नाते असेलच असे नाही. एकाच वंशात गणलेल्या दोन जातींत मात्र रक्ताचे नाते मानलेले असते.

या नावाच्या मागे पुष्कळदा कंसात 'डी गीर, १७७५' असे छापलेले आढळते. कार्ल डी गीर हाही स्वीडनचाच. भिरुडाचे शास्त्रीय वर्णन त्याने त्या वर्षी प्रसिद्ध केले. पण त्याने याला घातले होते सेरांबिक्स या वंशात. (ग्रीकांच्या एका पुराणकथेत केरांबोस नावाचा मेंढपाळ गवई अप्सरांची निंदा करतो आणि त्यांच्या शापाने लाकूड कुरतडणारा किडा होतो.) पुढे अधिक बारकाईने पाहणाऱ्यांनी याला बाटोसेरा वंशात आणले. वंश बदलला, तरी आधीच्या माणसाचे नाव पुसले नाही. ते कंसात ठेवले. वंश नंतर बदलला आहे, एवढेच तो कंस सांगतो. ही प्रथा फार सुसंस्कृत आहे.

आता परसातल्या आंब्याकडे वळू. भिरुडाची मादी खोडाच्या सालीला खाच पाडून तीत अंडे घालते. त्यातून निघालेली बिनपायांची, हस्तिदंती रंगाची अळी लाकूड पोखरीत आत शिरते आणि एक वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, आतच राहते. बाहेरून झाड हिरवेगार दिसते. मग एखादी फांदी अकस्मात वाळते. बुंध्याशी भुसा सांडलेला दिसतो. येथेच घाई नडते, कारण साल खाणारी अळीही भुसा पाडते. ती अळी पतंगाची. तिचा भुसा रेशमी धाग्यांत गुंफलेला असून सालीवर जाळीदार पट्ट्यासारखा चिकटून असतो. तो पट्टा खरवडून काढला, की तिची आखूड बिळे उघडी पडतात. भिरुडाचा भुसा मोकळा असतो आणि तो खोडाच्या छिद्रातून बाहेर येतो. त्याची अळी सालीत नव्हे, लाकडात खोल असते. वरवर साल खरवडणाऱ्याच्या हाती ती लागत नाही.

भिरूड ओळखू आला, म्हणजे जाणता शेतकरी छिद्रात आकड्याची तार घालून अळी ओढून काढतो. ती हाती न लागल्यास रॉकेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून छिद्र चिखलाने लिंपतो. मग तो बुंध्याभोवतीचा भुसा झाडून जागा स्वच्छ करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे ताजा भुसा पडलेला दिसला, तर अळी अजून जिवंत आहे. तार पुन्हा हाती घ्यावी लागते.