एकलहऱ्याहून डहाणू: एका अष्टमीचा समुद्र

एकलहऱ्याहून सकाळी निघून रात्री परतता येईल असा समुद्र डहाणूचा. रस्ता नाशिक, त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी असा जातो. अंतर एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या पुढे भरते आणि घाटामुळे ते अधिकच वाटते. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने हा प्रवास पौषातल्या एका रविवारी केला. माणसे पाच, गाडी एक, शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र गोदावरीच्या पाण्यावर चालते. तिथून त्र्यंबकला जाणे म्हणजे नदीच्या उलट दिशेने तिच्या उगमाकडे जाणे. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्र इतका जवळ असताना पूर्वेला वळते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच परिसरात उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेची सरळ वाट धरते. तोरंगणचा घाट लागला की सह्याद्रीची ही पाणवाट मागे पडते. मुलांना हे सांगितले गेले, पण तोवर धाकट्याला गाडी लागली होती आणि भूगोल तिथेच थांबला.

जव्हार हे मुकणे संस्थानिकांचे गाव. तिथे फक्त चहा झाला. चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला की हवा दमट होते, ताड दिसू लागतात आणि मग चिकूच्या वाड्या सुरू होतात. या बागायतीत इराणी कुटुंबांचा वाटा मोठा आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. त्यामुळे मोठ्या उद्योगांवर तिथे निर्बंध आहेत आणि वाड्यांची सावली बरीचशी टिकून आहे.

गाडी सुरूच्या झाडांखाली थांबली तेव्हा साडेअकरा वाजले होते. समोर समुद्र नव्हता, राखाडी ओला चिखल होता आणि त्याच्या पलीकडे पाण्याची एक बारीक रेघ.

भरतीची वेळ काढण्याची कोकण किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. दुसऱ्या दिवशी हीच वेळ साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. त्यातून अष्टमीचा दिवस भांगाचा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोर त्यात नाही. तरीही डहाणूचा किनारा इतका सपाट की पाणी दूर जातेच. त्या दिवशी अष्टमी आहे हे आजीला पक्के ठाऊक होते, तिचा उपवास होता. पण देशावर समुद्रासाठी तिथी पाहायची कुणाला सवय असते!

दुपारभर मुलांनी खेकड्यांची बिळे उकरली. एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. थोरल्याने मात्र दक्षिणेकडे पाहिले आणि तो ओरडला, ‘आपली चिमणी!’ ती डहाणूच्या वीज केंद्राची होती. १९९५ पासून चालणारे हे केंद्र ५०० मेगावॉटचे आहे आणि नदीऐवजी खाडीचे पाणी वापरते. एकलहऱ्याच्या चिमणीपासून एक दिवस दूर जायचे म्हणून निघालेल्यांना इथे दुसरी, २७५ मीटर उंचीची भेटली. या सहलीतली सर्वांत विनोदी गोष्ट हीच, आणि ती फुकट होती.

तीननंतर पाणी सरकत आले. साडेतीनला पावले भिजली, चारला मुले कमरेपर्यंत पाण्यात होती आणि निघायची वेळही चारचीच ठरली होती, कारण जव्हार-मोखाड्याचा रस्ता अंधारात नको होता. अर्धा तास वाढवून मिळाला. आजीने पदर खोचून एकदा लाट पायावर घेतली, मग हात जोडले. सूर्यास्त कासाच्या पुढे, गाडीच्या मागच्या काचेतून झाला.

वाटेत घेतलेले पाच किलो चिकू कच्चे निघाले. तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर ते पाचव्या दिवशी पिकले.