नदीपलीकडच्या मोहल्ल्याची राज्यघटना

कारकून माणूस युरोपला निघाला म्हटल्यावर वस्तीतले सगळे हसलेच. पण माझी भाची लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसला शिकते. "मामा, एकदा येऊन तर बघा," असा तिचा धोशा. पतपेढीचे कर्ज काढले आणि गेलो.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "इथं एका मोहल्ल्यात भिंतीवर राज्यघटना लावलीय. चला." घटनेचे नाव काढले की मामाचे पाय आपोआप वळतात, हे तिला ठाऊक!

विल्नेले नावाची लहानशी नदी, आपण ओढाच म्हणू. पूल ओलांडला की उझुपिस. या शब्दाचा अर्थच नदीपलीकडे. पुलाजवळच्या पाटीवर चार चित्रे : हसरा चेहरा, २० चा वेग, मोनालिसा आणि पाण्यात पडणारी मोटार. तिथल्या कलावंतांनी १९९७ साली आपला मोहल्ला स्वतंत्र प्रजासत्ताक असल्याचे जाहीर केले. तारीख १ एप्रिल! म्हणजे थट्टाच, पण निव्वळ थट्टाही नव्हे.

पाउपिओ रस्त्याच्या भिंतीवर आरशासारखे चकचकीत पत्रे आहेत. प्रत्येकावर वेगळ्या भाषेत तीच घटना. रोमास लिलेइकिस आणि तोमास चेपाइतिस या दोघांनी ती लिहिली. लिलेइकिस यांच्या घरी गरम पाणी नव्हते म्हणून ते आंघोळीला मित्राकडे आले आणि तिथेच ही घटना तयार झाली, असे सांगतात. म्हणून सुरुवातीलाच गरम पाणी, थंडीत ऊब आणि कौलारू छप्पर यांचा हक्क आहे. पुढे चुका करण्याचा, आळस करण्याचा आणि कुत्र्याला कुत्रा म्हणून जगण्याचाही. भाची हसत होती. मीही हसलो. पण पहाटे चारला नळावर बादली लावून वाढलेल्या माणसाला पाण्याचे कलम काही विनोदी वाटत नाही.

मग तिने जुनी हकिगत सांगितली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी इथे ज्यूंची वस्ती मोठी होती. १९४१ नंतर नाझी आणि त्यांचे स्थानिक साथीदार यांनी शहरातल्या बहुतेक ज्यूंना ठार मारले. घरे ओस पडली. सोव्हिएत काळात तिथे निराधारांनी आसरा घेतला, मोहल्ला बदनाम झाला. भाडे नाही, डागडुजी नाही, म्हणूनच तर कलावंतांना तिथे शिरता आले. आज तिथली घरे शहरातल्या महागड्या घरांत मोडतात. पोटापुरते मिळवणारा चित्रकार तिथे आता कुठून राहणार?

वर चढावर ओलांदू रस्त्याला ज्यूंचे जुने कब्रस्तान होते. १९६० च्या दशकात ते मोडून त्याचे दगड शहरात पायऱ्यांना, बांधकामाला वापरले. नंतर सापडले तेवढे परत आणून तिथे स्मारक केले आहे. दगडांवरची अक्षरे हिब्रू. आम्हा दोघांनाही एक अक्षर वाचता येईना. तरी मी बराच वेळ उभा राहिलो. खालच्या भिंतीवर इतके हक्क लिहिलेले, आणि या माणसांना आपल्या नावाचा दगडही राखता आला नाही.

"मामा, थंडी वाढतेय, चला," भाची म्हणाली.

घरी आल्यावर त्या पत्र्याचा फोटो बहिणीला दाखवला. अक्षरे पुसट आली होती, आमचे दोघांचे चेहरे मात्र त्यात स्वच्छ दिसत होते. बहीण बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "दादा, पोरगी वाळलीय रे."